बाटलीतील किण्वन (बिअर)
बाटलीतील किण्वन ही घरगुती बिअरमध्ये नैसर्गिकरीत्या वायू निर्माण करण्याची पद्धत आहे. मुख्य किण्वन संपल्यावर बिअरमध्ये दर लिटरला साधारणतः ६ ते ७ ग्रॅम साखर मिसळून ती निर्जंतुक बाटल्यांत भरतात व झाकणे घट्ट बसवतात. बिअरमध्ये उरलेले यीस्ट ही साखर आंबवते; त्यातून निर्माण झालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू न शकल्याने द्रवात विरघळतो. खोलीच्या तापमानाला यास सुमारे २ आठवडे लागतात. मुख्य किण्वन अपूर्ण असताना बाटल्या भरल्यास किंवा साखर जास्त झाल्यास दाब वाढून बाटल्या फुटतात व काचांमुळे गंभीर इजा होऊ शकते. म्हणून बिअरची घनता सलग काही दिवस स्थिर असल्याची हायड्रोमीटरने आधी खात्री केली जाते.