पाडळीची पारुल

पंचांग पाहून भटजींनी ‘प, ठ, ण’ ही अक्षरं सांगितली, की घरातल्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. कन्या राशीची ही तीन अक्षरं. ‘ठ’ आणि ‘ण’वरून कुणाला काही सुचत नाही, त्यामुळे सगळी भिस्त ‘प’वर. पूजा, प्रिया, पल्लवी, पायल भावकीत होऊन गेलेल्या. फुलाचंच नाव हवं म्हटलं तर प्राजक्ता नाहीतर पद्मा, आणि त्याही गल्लोगल्ली. मग ‘जरा वेगळं बघा ना’ म्हणत मोबाइल या हातातून त्या हातात फिरू लागतो.

भेस्तानमध्ये मात्र याचं उत्तर शेजारच्या दारातून येऊ शकतं. सुरतेच्या दक्षिणेला, उधना आणि सचिन या स्टेशनांच्या मधे हे भेस्तान. जवळच पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंगच्या मिली. उधन्याहून जळगावकडे फुटणाऱ्या ताप्ती व्हॅलीच्या रेल्वेनं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगावकडची माणसं लूमवर आणि मिलींत आणून सोडली आणि ती या भागात रुजली. घरात अहिराणी, कामावर हिंदी, बाजारात गुजराती. बाळाचं नाव ठेवण्याचा मान खानदेशी आणि गुजराती, दोन्ही घरांत बापाच्या बहिणीचाच. मराठीत ती आत्या, अहिराणीत फुई, गुजरातीत फोई. गुजराती घरात बाळाला कापडाच्या झोळीत ठेवतात, सोबत पिंपळाचं पान असतं. चार जण चार टोकं धरून झोका देतात आणि फोई नाव सांगते. आपल्याकडे फुई पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात ‘कुर्र’ करते. आता ‘प’वरून फुलाचं नाव विचारलं, तर शेजारची फोई चटकन सांगेल : पारुल.

गुजराती घरांत हे नाव आपल्याकडच्या सुनीतासारखं सर्रास. ते फुलाचं आहे हे मात्र मराठी माणसाला सहसा ठाऊक नसतं, आणि त्याहून मौज म्हणजे ते झाड आपलंही आहे. संस्कृतातली पाटला. प्राकृतात ‘ट’चा ‘ड’ झाला, मराठीत ती पाडळ झाली, बंगालीत पारुल. बंगाल्यांनी आणि गुजरात्यांनी ती मुलींना दिली. आपण गावांना आणि काढ्याला. महाराष्ट्रात पाडळी नावाची कितीतरी गावं आहेत, त्या नावात हेच झाड ओळखू येतं.

झाड उंच, पानगळीचं, टेंटू आणि नीलमोहोर यांच्या कुळातलं. उन्हाळ्यात त्याला घोस लागतात. फूल लांबट घंटेसारखं, तोंडाशी पाकळ्यांची कड चुरगळलेली, बाहेरून मळकट तांबडं-जांभळं, आत पिवळसर रेघा. दिसायला काही गुलाबाचा तोरा नाही. वास मात्र असा, की ‘शाकुंतला’च्या आरंभी सूत्रधार उन्हाळ्याचं वर्णन करतो तेव्हा पाटलेच्या संगतीनं सुगंधी झालेल्या रानवाऱ्याचा उल्लेख करतो. या फुलावरूनच संस्कृतात फिकट तांबड्या रंगाला ‘पाटल’ म्हणू लागले.

झाडाचं घराणंही मोठं. पाली परंपरेत प्रत्येक बुद्धाचा बोधिवृक्ष वेगळा सांगितला आहे. गौतमाचा पिंपळ सर्वांना माहीत. त्याच्या फार आधीच्या विपस्सी बुद्धाला बोधी मिळाली ती पाटलीखाली. मगधाची राजधानी पाटलिपुत्र, म्हणजे आजचं पाटणा, हिच्याच नावाची. सातव्या शतकात आलेल्या युआन श्वांगनं त्या नावाची दंतकथा नोंदवली आहे : उदास बसलेल्या एका विद्यार्थ्याचं मित्रांनी थट्टेनं पाटलीच्या झाडाखाली लग्न लावलं आणि थट्टेतलं लग्न खरं ठरलं.

इतकं असूनही पाटला मुलीचं नाव म्हणून जुन्या काळी फारशी चालली नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात, नक्षत्राचं, झाडाचं किंवा नदीचं नाव असलेली मुलगी करू नये, असा दंडक आहे. लोकांनी तो किती मानला हे रोहिणी, तुळसा आणि गोदावरी या नावांवरून दिसतंच. त्याच स्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीच्या नावाबद्दल आणखी एक सूचना आहे : उच्चाराला सोपं, मंगल आणि शेवटी दीर्घ अक्षर असलेलं. ही मात्र आपल्या कानात मुरली. म्हणून तर निशिगंधाची निशिगंधा झाली, बकुळाची बकुळा, प्राजक्ताची प्राजक्ता. जाई, जुई, केतकी, मालती, अबोली यांना काही करावंच लागलं नाही. मोगरा आणि झेंडू मराठीत पुल्लिंगी, ते पाळण्यापर्यंत पोचलेच नाहीत.

पारुल हा दीर्घ शेवटाचा नियम मोडून आली आणि बंगालमध्ये तरी तिला वाट करून दिली असावी ती एका गोष्टीनं. दक्षिणारंजन मित्र मजुमदारांनी 1907 मध्ये ‘ठाकुरमार झुली’ हा बंगाली लोककथांचा संग्रह काढला. त्यातल्या एका गोष्टीत राणीची सात मुलं चाफ्याची फुलं होतात आणि त्यांची एकुलती बहीण पारुलचं फूल. सात भावांची लाडकी बहीण म्हटल्यावर बंगाली आईबापांना आणखी काय हवं?

आपल्याकडे पाडळ राहिली वैद्याच्या बटव्यात. बेल, टेंटू, शिवण, ऐरण आणि पाडळ हे बृहत् पंचमूळ. त्यात आणखी पाच मुळं मिळाली की दशमूळ. म्हणजे बाळंतिणीला जो दशमूळाचा काढा किंवा दशमूलारिष्ट देतात, त्यात ही आहेच. बाहेर नावाचा खल चालू असतो आणि आतल्या खोलीत आई वाकडं तोंड करून तेच झाड घोटघोट पीत असते. कुणाला पारुलही रुळलेलं वाटलं, तर भावप्रकाश निघंटूत या झाडाचे पर्याय वाचावेत : मधुदूती, ताम्रपुष्पी, अलिवल्लभा, अमोघा. यांतलं अमोघा तर आज ठेवलं तरी शोभेल, फक्त ‘प’ सोडावा लागेल.

घरच्यांची समजूत घालायलाही पारुल सोयीची. लाडानं तिची पारू होणार, आणि पारू म्हणजे पार्वती. खानदेशातल्या अनेक घरांत पणजीचं नाव तेच निघेल. राहता राहिला अनोखेपणा. भेस्तानच्या शाळेत हजेरी घेताना बाई पारुल म्हणतील तेव्हा दोघी-तिघी ‘हाजर’ म्हणतील. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत तीच पोर उधन्याहून गाडीत बसून धरणगावला उतरली, की आख्ख्या गल्लीत त्या नावाची एकटीच असेल. म्हणून बारशाआधी एकच ठरवावं : नाव वेगळं हवंय ते कुठल्या गावात?