लग्नाच्या डीव्हीडीची आणखी एक कॉपी

लग्नाच्या शूटिंगची कॅसेट महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत १९८०च्या दशकात शिरली. पुढे तिची जागा आधी व्हीसीडीने आणि मग डीव्हीडीने घेतली. याचं श्रेय सहसा टिकाऊपणाला दिलं जातं: फितीला बुरशी लागते, चकतीला लागत नाही. स्टुडिओवाल्यांनीही याच भरवशावर जुन्या कॅसेटी डीव्हीडीवर उतरवून दिल्या. पण घरी राइट केलेली चकती टिकाऊ कधीच नव्हती. तिच्यामुळे स्वस्तात प्रती वाटता आल्या, आणि आज शाबूत असलेली चित्रणं बव्हंशी त्या वाटपामुळेच वाचली आहेत.

कॅसेटची कॉपी काढायची तर दोन व्हीसीआर जोडून तीन तासांच्या फितीला तीन तास द्यावे लागत, आणि कॉपीची कॉपी आणखी धुरकट निघे. त्यामुळे चांगली कॅसेट एकाच घरी राही, बहुधा सासरी. अमेरिकेतल्या मुलाला पाठवायची तर आपल्याकडच्या पाल चित्रपद्धतीवरून तिथल्या एनटीएससीत बदलून घेणं आलं, नाहीतर तिथल्या व्हीसीआरवर ती चालत नसे. व्हीसीडीत ७४ मिनिटंच मावत, म्हणजे मुहूर्त एका चकतीवर आणि पंगत दुसरीवर. मग २००१मध्ये पायोनियरचा हजार डॉलरांच्या आतला डीव्हीडी रायटर आला. पुढच्या काही वर्षांत रायटर आणि कोऱ्या चकत्या दोन्ही स्वस्त झाल्या. नोएडाची मोझर बेअर तर जगातल्या मोठ्या चकती-उत्पादकांपैकी एक होती. सोळापट वेगाच्या रायटरवर ४.७ जीबीची चकती पाच-सहा मिनिटांत भरे आणि तिसरी कॉपी पहिलीइतकीच स्वच्छ येई. सिनेमाच्या डीव्हीडीला कुलूप असे, लग्नाच्या डीव्हीडीला ते घालावंसं कुणाला वाटलं नाही. म्हणून माहेरची प्रत, मामाची प्रत हे सगळं स्टुडिओला न विचारता घरच्या संगणकावर होऊ लागलं. परदेशातल्या प्लेअरने पाल चकती नाकारली तरी तिथला संगणक ती चालवी.

यावर पहिला आक्षेप असा की चकतीतला रंगद्रव्याचा थर उन्हाने, उष्णतेने, दमटपणाने बिघडतो, मग प्रती दहा असल्या तरी उपयोग काय? पण दहा प्रती दहा कंपन्यांच्या चकत्यांवर, दहा कपाटांत असतात. रत्नागिरीतली मेली म्हणून नगरची मरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मूळ चित्रण मिनीडीव्ही या डिजिटल टेपवर होई, आणि तिच्या एका तासाला सुमारे १३ जीबी लागतात. दोन तास ४.७ जीबीत बसवताना पाच-षष्ठांश माहिती पहिल्या कॉपीआधीच गेलेली असते, आणि मूळ टेप पुष्कळदा पुढच्या लग्नाला वापरली जाई. हे नुकसान कितीही प्रतींनी भरून येत नाही, हे मान्यच करायला हवं. पण ती टेप राखली असती तरी ती स्टुडिओच्या कपाटात राहिली असती, नातलगांच्या नाही.

मोबाइलने वाटप याहून सोपं केलं, हेही खरं. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर चित्रण आणखी आक्रसतं, आणि क्लाउडवरची लिंक ज्याच्या खात्यात आहे त्याच्यापुरतीच जिवंत राहते. मोझर बेअर २०१८मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि नव्या लॅपटॉपांतून ड्राइव्ह गेला, तरी जुन्या चकत्यांचा एक गुण अजून कामाला येतो. एकाच चकतीवरून हुबेहूब काढलेल्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी खराब झाल्या असतील, तर एकीतले न वाचता येणारे भाग दुसरीतून भरून काढणारी सॉफ्टवेअर आहेत.