एक नाव, दोन वंश
'जीटीओ' ही अक्षरे मूळ इटलीची. अर्थ, शर्यतीस मान्यता मिळालेली दूरपल्ल्याची गाडी. १९६२ साली फेरारीने '२५० जीटीओ' घडविली. तीन लिटरचे बारा सिलिंडरांचे इंजिन, हलका बांधा आणि वळणावरील हुकमत हे तिचे बळ. अशा अवघ्या ३६ गाड्या झाल्या. अमेरिकेतील पॉन्टिॲकने तेच नाव आपल्या १९६४ च्या गाडीस दिले. मध्यम आकाराच्या कौटुंबिक गाडीत सुमारे ६.४ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसविले. सरळ रस्त्यावर तिची धाव दांडगी. वळणावर मात्र ती अवघडे. रसिकांनी या उसनवारीस नाके मुरडली; तरी पहिल्याच हंगामात ३२,००० हून अधिक गाड्या खपल्या. युरोपने वेगाला कलेचे रूप दिले, अमेरिकेने तो पगारदार तरुणाच्या दारी आणला. नाव उसने खरे, पण पराक्रम स्वतःचा.