उत्तरवाहिनीच्या काठचा वैशाख

नदी उत्तरवाहिनी झाली की तिचे पुण्य वाढते, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. तेथे घाट बांधावा, देऊळ उभारावे, पर्वणीला स्नान करावे. कॅनडातील गवताळ मैदानात वसलेल्या विनिपेग शहराला मात्र आपल्या नदीचे उत्तरवाहिनी असणे फार महाग पडले आहे. रेड नदी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उगम पावते आणि उत्तरेकडे वाहत जाऊन विनिपेग सरोवराला मिळते. थंडी सरू लागली की दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो. त्या वेळी उत्तरेकडचे पात्र अजून गोठलेलेच असते. मागून पाणी लोटत येते आणि पुढे वाट बंद! त्यातून हे खोरे म्हणजे हिमयुगाच्या अखेरीस पसरलेल्या अगासिझ नामक विराट सरोवराचा तळ. मैलाला फूटभरही उतार नाही. नदीने काठ सोडला की पाणी धावत नाही, ते पसरते. आणि एकदा पसरले की आठवडेच्या आठवडे हलत नाही. आपला पूर पावसाळ्यात, पुष्कळदा एका रात्रीत येतो. तेथला पूर वसंतात येतो, आणि तो येणार हे लोकांना कित्येक दिवस आधी ठाऊक असते.

मेच्या अखेरीस त्या शहरात जाणाऱ्याला यातले फारसे काही दिसत नाही. एल्म वृक्षांना नुकती पालवी फुटलेली असते, रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड असतो, आणि हिवाळाभर घरात कोंडलेली माणसे नदीकाठी लोटतात. असिनिबॉइन नदी जेथे रेडला मिळते त्या संगमाला 'फोर्क्स' म्हणतात. तेथे काठालगत एक पायवाट आहे. पुष्कळ वर्षी ती या दिवसांत पाण्याखाली असते. तेवढ्या खुणेवरून जाणत्याने काय ते ओळखावे. या संगमावर सुमारे सहा हजार वर्षे माणसे जमत आली. परंतु घरेदारे उभारून, शेते आखून कायमचे राहण्याचा हट्ट धरला तो युरोपियनांनी.

लॉर्ड सेल्कर्क याने पाठविलेले स्कॉटलंड व आयर्लंडचे वसाहतवाले १८१२ मध्ये येथे आले. त्यांना ना हवामान ठाऊक, ना शिकार. पहिल्या हिवाळ्यातून ते निभावले, याचे बरेचसे श्रेय पेग्विस या सोल्टो जमातीच्या नायकाकडे जाते. त्याच्या माणसांनी या पाहुण्यांना दक्षिणेस पेम्बिना येथे नेले आणि रानगव्यांच्या शिकारीवर जगविले. पुढे १८१७ मध्ये सेल्कर्कने पेग्विस व इतर चार नायकांशी करार केला. नदीच्या दोन्ही काठांची दोन दोन मैल जमीन वसाहतीला, आणि मोबदला म्हणून दरसाल ठराविक तंबाखू. दोन मैल म्हणजे किती, हे नायकांना समजाविले ते असे, असे परंपरा सांगते: सपाट मैदानात उभ्या घोड्याच्या पोटाखालून जेवढ्या अंतरापर्यंत उजेड दिसतो तेवढे. त्या भूमीचे याहून नेमके वर्णन मला कोठे आढळले नाही.

करारानंतर नऊच वर्षांनी, १८२६ च्या मेमध्ये, नदीने सारी वसाहत धुऊन नेली. वितळत्या बर्फाच्या लाद्यांनी लाकडी घरे पायासकट उचलली; लोक दूरच्या उंचवट्यांवर पळाले. विनिपेगच्या नोंदलेल्या इतिहासात एवढा मोठा पूर पुन्हा आलेला नाही. स्विस वसाहतवाले व सेल्कर्कने आणलेले जुने शिपाई यांतील बहुतेक जण कंटाळून संयुक्त संस्थानांत निघून गेले. बाकीचे परत त्याच काठावर आले. १८५२ मध्ये पुन्हा पूर, १८६१ मध्ये पुन्हा.

शहाणपणाची संधी एकदा आली होती. कॅनडाच्या महारेल्वेची आखणी करणारा सँडफर्ड फ्लेमिंग याने या पुरांचा अभ्यास करून सांगितले की, लोहमार्गाने नदी ओलांडावी ती उत्तरेस सेल्कर्क गावी, जेथे काठ उंच आहेत. तसे झाले असते तर मोठे शहर तेथे वाढले असते. पण विनिपेगच्या व्यापाऱ्यांनी रेल्वे कंपनीला पूल दिला, पैसा दिला, करातून कायमची सूट दिली, आणि १८८१ मध्ये मार्ग आपल्याकडे वळविला. नदीचे म्हणणे हिशेबाच्या वहीत कोणीच मांडले नाही!

ती थकबाकी १९५० मध्ये वसूल झाली. ५ मे रोजी एका रात्रीत आठ बांध फुटले. सुमारे साडेतीन लाख वस्तीच्या नगरातून एक लाखाच्या आसपास माणसे हलवावी लागली. त्यानंतर डफ रॉब्लिन या राजकारणी पुरुषाने एकच ध्यास घेतला: शहराला वळसा घालणारा कालवा खणायचा. तो १९५८ मध्ये मॅनिटोबा प्रांताचा मुख्यमंत्री झाला. कोरड्या गवतात सहा कोटी तीस लाख डॉलर पुरण्याच्या या योजनेची 'डफचा चर' म्हणून टवाळी झाली. १९६२ ते १९६८ या काळात तो ४७ किलोमीटरांचा चर खणून पुरा झाला, आणि १९६९ च्या वसंतात त्यातून पाणी वाहिलेही. टवाळीचे नाव आज लोक प्रेमाने घेतात.

आता या चराचे कार्य कसे चालते ते पाहिले पाहिजे, कारण सारी मेख तेथे आहे. शहराच्या दक्षिणेस नदीच्या तळात दोन प्रचंड पोलादी दरवाजे आहेत. ते वर उचलले की मागचे पाणी चढते आणि कालव्यात वळते. म्हणजे शहराला कोरडे ठेवायचे तर शहराच्या वरच्या बाजूला पाणी तुंबवायचे. १९९७ च्या महापुरात ही तुंब नैसर्गिक पातळीच्याही वर गेली. विनिपेग वाचले, आणि दरवाजांच्या वरच्या अंगाला असलेली ग्रँड पॉइंट ही वस्ती पाण्यात गेली. लाखो लोकांसाठी काही थोड्यांनी बुडावे, हा सौदा कदाचित अपरिहार्य असेल. पण बुडणाऱ्याला भरपाईचा हक्क देणारा कायदा झाला तो २००४ मध्ये, कालवा होऊन छत्तीस वर्षे लोटल्यावर. त्यानंतर कालवा रुंद करून त्याची क्षमता दुपटीहून अधिक वाढविण्यात आली.

ग्रँड पॉइंटचे गाऱ्हाणे निदान ऐकले गेले. पेग्विसच्या वंशजांची गोष्ट याहून लांब आहे. त्यांची सेंट पीटर्स नावाची राखीव भूमी सेल्कर्क गावाजवळ होती. म्हणजे ज्या भागात रेल्वे नेण्याची शिफारस फ्लेमिंगने केली, तोच हा भाग. जमीन उत्तम, नांगराखाली आलेली. १९०७ मध्ये घाईघाईने मतदान घडवून ती त्यांच्याकडून लिहून घेण्यात आली व त्यांची रवानगी उत्तरेस, विनिपेगपासून सुमारे १९० किलोमीटरांवर, फिशर नदीच्या सखल काठी झाली. तो व्यवहार गैर होता हे कॅनडा सरकारने सुमारे नव्वद वर्षांनी मान्य केले. २०१० मध्ये सुमारे १२ कोटी ६० लाख डॉलरांची भरपाई ठरली. जमीन मात्र परत मिळाली नाही. पेग्विस स्वतः १८६४ मध्ये वारला. त्याला सेंट पीटर्सच्या जुन्या दगडी देवळाच्या आवारात पुरले आहे, रेड नदीच्या काठी. त्याचे लोक ज्या नदीकाठी नेऊन ठेवले ती फिशर नदी वारंवार फुगते, आणि तिला कोणी चर खणून दिलेला नाही.

२०२२ च्या मेमध्ये दोन्ही नद्या एकाच वेळी चढल्या. विनिपेगचे दरवाजे उचलले गेले, पाणी कालव्याने शहराला वळसा घालून गेले. पेग्विसच्या वसाहतीत शेकडो घरे बाधित झाली आणि दीड हजारांवर माणसांना बाहेर काढावे लागले. त्यांतील पुष्कळांना आसरा मिळाला तो विनिपेगच्या हॉटेलांत. काहींना वर्ष उलटले तरी घरी परतता आले नाही.