गळक्या स्मृतीचे पुनर्लेखन

संगणकाची कार्यकारी स्मृती मुळात विसराळू असते. तिच्यातील प्रत्येक नोंद पुसली जाण्याआधी वाचून पुन्हा लिहावी लागते. ही युक्ती मात्र सिलिकॉन चिपहून जुनी आहे.

अमेरिकेतील आयोवा स्टेट कॉलेजात १९३९ ते १९४२ या काळात जॉन अटानासॉफ आणि क्लिफर्ड बेरी यांनी एक गणनयंत्र उभारले. त्यात दोन फिरते ड्रम होते आणि प्रत्येकावर १६०० कपॅसिटर. कपॅसिटर म्हणजे विद्युतभाराचे इवलेसे भांडे. पण ते गळके! ड्रम सेकंदाला एक फेरा घेई आणि त्या फेऱ्यातच ओसरत चाललेला भार पूर्ववत केला जाई. अटानासॉफ या क्रियेस ‘जॉगिंग’ म्हणत. पुढे युद्ध आले, पेटंट राहून गेले, यंत्रही मोडीत निघाले. त्यांच्या अग्रक्रमावर न्यायालयाची मोहोर उमटली ती थेट १९७३ साली.

दरम्यान १९६६ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी एका बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर पुरेसा असल्याचे ओळखले. १९७० च्या इंटेल ११०३ चिपची रचना निराळी होती, गळती मात्र तीच: तिचे १०२४ बिट दर २ मिलिसेकंदांत ताजे करावे लागत.

डीडीआर४ चिपमध्ये ही मुदत ६४ मिलिसेकंदांची आहे. तेवढ्यात पुनर्लेखनाच्या ८१९२ आज्ञा सुटतात, म्हणजे सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एक. उष्णतेने गळती वाढते. म्हणून ८५ अंश सेल्सिअसपलीकडे मुदत निम्म्यावर येते.