किल्ली न देता दिलेली परवानगी

एखाद्या ऑनलाइन सेवेच्या सेटिंगमध्ये जाऊन नवे एपीआय टोकन, म्हणजे प्रोग्रामला आपल्या वतीने आत येऊ देणारा परवाना, मागितले, की आधी चौकशी होते. याला नाव काय द्यायचे? मुदत किती? नुसते वाचू द्यायचे की बदलूही द्यायचे? उत्तरे भरली की अक्षर-आकड्यांची एक लांबलचक, निरर्थक ओळ पडद्यावर येते. सोबत इशाराही असतो: आत्ताच उतरवून घ्या, ही पुन्हा दिसणार नाही. यातली एकेक अट कधी ना कधी लागलेल्या ठेचेतून आलेली आहे.

सर्वांत जुनी ठेच त्या इशाऱ्यामागची. १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने सीटीएसएस ही प्रणाली उभी केली. एकच संगणक अनेकांनी वाटून वापरायचा, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड आला. हे पासवर्ड एका फाइलीत जसेच्या तसे लिहिलेले असत. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेला वेळ पुरेना. दुसऱ्यांच्या नावाने लॉग-इन करता यावे म्हणून त्याने ती फाइलच छापून घेतली. १९६६ मध्ये तर दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉग-इन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात केंब्रिजमध्ये रॉजर नीडहॅम यांनी यावर तोड काढली: पासवर्ड साठवायचाच नाही, त्यावर उलटी न फिरवता येणारी गणिती प्रक्रिया करून तिचे उत्तर तेवढे ठेवायचे. आज अनेक सेवा टोकनही याच रीतीने जपतात. मूळ ओळ त्यांच्याकडेच उरत नाही, मग पुन्हा दाखवणार कुठून?

मुदतीची कल्पना रुळली ती एमआयटीतच, १९८०च्या दशकातल्या अथेना प्रकल्पात. तिथल्या कर्बेरॉस पद्धतीत पासवर्ड तारेवरून जातच नसे. त्याच्या आधारे एक तिकीट मिळे आणि काही तासांनी ते बाद होई. वाटेत कोणी पळवले तरी त्याचा उपयोग बेताचाच.

पासवर्ड कीबोर्डसमोर बसलेल्या माणसासाठी होता. २००० साली सेल्सफोर्स आणि ईबे यांनी आपले एपीआय, म्हणजे प्रोग्रामसाठीचे दार, खुले केले आणि प्रोग्रामशी प्रोग्राम बोलू लागला. गूगलने २००२ मध्ये शोधसेवेचा एपीआय दिला, तेव्हा नोंदणी करणाऱ्याला एक किल्ली मिळे आणि तिच्यावर दिवसाला १,००० शोध करता येत. ती होती मुख्यतः मोजदादीसाठी. ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवणसेवा २००६ मध्ये आली, तेव्हा किल्लीचे दोन भाग झाले. एक उघड, ओळख सांगणारा, दुसरा गुप्त. गुप्त भाग कधीच पाठवायचा नाही, त्याने विनंतीवर गणिती सही करायची.

खरा पेच तिसऱ्याचा होता. माझी माहिती एका संकेतस्थळावर आणि ती हवी दुसऱ्याला. त्या काळात नवी संकेतस्थळे बिनदिक्कत विचारत: तुमच्या ईमेलचा पासवर्ड द्या, ओळखीची माणसे शोधून देतो. ट्विटरवरून संदेश टाकणारी परकी ॲपही पासवर्डच मागत. हव्या असत चार पत्त्यांच्या नोंदी, हाती जाई सगळे घर. एका ॲपला बाहेर काढायचे तर पासवर्ड बदलावा लागे, आणि मग बाकीची सगळीच ॲप बंद पडत.

गूगल, याहू, फ्लिकर यांनी यावर आपापले उपाय काढले होते. सामाईक मात्र काही नव्हते. २००६च्या अखेरीस क्रिस मेसिना, ट्विटरचे ब्लेन कुक, मॅग्नोलिया या संकेतस्थळाचे लॅरी हाफ आणि इतर मंडळींच्या हे ध्यानात आले आणि २००७च्या डिसेंबरात ओऑथ १.० ही सामाईक पद्धत तयार झाली. तिच्या कर्त्यांनी दाखला दिला मोटारीच्या व्हॅले किल्लीचा: हॉटेलच्या दारात गाडी लावायला देण्यापुरती, डिकी न उघडणारी. नाव आणि परवानगीचे प्रश्न इथून आले. प्रत्येक ॲपला वेगळे टोकन, तेही नेमून दिलेल्या कामापुरते. ऑगस्ट २०१०च्या अखेरीस ट्विटरने परक्या ॲपना पासवर्डचे दार बंद केले.

२०१२ मध्ये ओऑथ २.० आले आणि सह्यांचे किचकट गणित गेले. आता टोकन विनंतीच्या मथळ्यात 'बेअरर' या शब्दापुढे लिहायचे, झाले. बेअरर म्हणजे ज्याच्या हाती तो धनी. वाटेतले रक्षण एचटीटीपीएस या कूटबद्ध जोडणीने करायचे. काम सोपे झाले, पण मुख्य लेखक एरान हॅमर इतके नाराज झाले की त्यांनी मसुद्यावरून आपले नाव काढून घेतले.

टोकन हातचे जाते ते बहुधा वाटेत नव्हे, घरातूनच. प्रोग्रामर ते कोडमध्येच लिहितो आणि कोड जगजाहीर करतो. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर धांडोळा घेतला, तेव्हा एक लाखाहून अधिक रेपॉझिटरींत (कोडच्या कोठारांत) अशा किल्ल्या उघड्यावर सापडल्या. गिटहबने २०२१ मध्ये आपल्या टोकनांचा घाटच बदलला. आरंभी ओळखीची तीन अक्षरे आणि अंडरस्कोर, शेवटी पडताळणीची सहा अक्षरे. यंत्राला ते कोडच्या ढिगातही चटकन ओळखता येते, आणि सार्वजनिक जागी सापडले की गिटहब ते आपोआप रद्द करते.

टोकन चोरीला जाणारच नाही, अशी हमी या साठ वर्षांत कोणी दिलेली नाही. चोरीचे मोल तेवढे कमी होत गेले आहे. म्हणून टोकन कोडबाहेर, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये किंवा गुपितांच्या तिजोरीत ठेवावे. एका कामाला एकच टोकन, लागेल तेवढीच परवानगी आणि परवडेल तेवढी छोटी मुदत. मग एखादे फुटले, तर ते रद्द करताना दुसरे कोणतेच काम अडत नाही.