नाक मिळालं, हात का नाही? १७९४ च्या एका पत्राचं वाचन

तुटलेला हात परत जोडण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचायला घेतला की पहिला मोह होतो तो 'हे सर्वांत आधी कोणी केलं?' असं विचारण्याचा. संशोधनाची तयारी करत असाल तर हा प्रश्न जरा जपून वापरा. का, ते पुण्याच्या एका नोंदीवरून पाहू.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. त्यात कावसजी नावाच्या गाडीवानाची हकिगत आहे. नाव पारशी वाटतं, पण पत्र त्याला मराठा शेतकरी म्हणतं. १७९२ च्या युद्धात तो इंग्रज फौजेसोबत होता, टिपूच्या कैदेत सापडला आणि तिथे त्याचं नाक व एक हात कापला गेला. वर्षभरानंतर पुण्याजवळच्या, वीटभट्टीचं काम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. मेणाचा साचा कपाळावर ठेवून आखणी केली, तेवढी कातडी सोडवली आणि खाली वळवली. दोन डोळ्यांच्या मधली पट्टी मात्र कापली नाही. वर काताच्या लेपाच्या पट्ट्या, नंतर तूप. साधारण २५ व्या दिवशी ती पट्टी तोडली. जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला हीच पद्धत वापरली.

आता बहुतेक लेख नाकावरच थांबतात. पण त्याच वाक्यातला हात? तो का नाही परत मिळाला?

'तेव्हा तंत्र नव्हतं' हे उत्तर अर्धंच आहे. ती न कापलेली पट्टी म्हणजे रक्ताची वाट होती. म्हणून कातडी जगली. पूर्ण तुटलेल्या हाताला अशी वाट उरत नाही, ती शिवूनच तयार करावी लागते. रक्तवाहिन्या शिवायची भरवशाची रीत अॅलेक्सिस कॅरेल यांनी १९०२ मध्ये मांडली. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक वाहिन्या जोडणं १९६० नंतर सुरू झालं. १९६२ मध्ये बोस्टनला एका मुलाचा तुटलेला दंड, १९६३ मध्ये शांघायला चेन झोंगवेई यांनी एका कामगाराचा हात आणि १९६५ मध्ये जपानमध्ये अंगठा जोडला गेला. बोटातली धमनी जेमतेम एक मिलिमीटरची असते.

उरलेलं अर्धं उत्तर वेळेचं. कावसजीला आजचा सर्जन भेटला असता तरी उपयोग नव्हता, कारण वर्षभरानंतर जोडायला हातच नव्हता. हातात स्नायू असतात, आणि रक्ताशिवाय साध्या तापमानात ते साधारण सहाच तास टिकतात. थंड ठेवले तर थोडे जास्त.

म्हणूनच हा विषय मला सातारा-सांगलीत आणून सोडतो. इथे घरोघरी कडबाकुट्टी आहे, उसाचे चरक आहेत. सांगलीहून पुणे २३० किलोमीटरच्या आसपास. तंत्र आता आहे. प्रश्न आहे तो तुटलेला हात कसा आणि किती वेळात पोचतो याचा. तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, कोरड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, मग ती पिशवी बर्फात ठेवायची. हात थेट बर्फात किंवा पाण्यात टाकला की पेशी खराब होतात. हे गोठ्यातल्या माणसाला माहीत असणं हाही शस्त्रक्रियेचाच भाग आहे.

अजून एक. त्या पत्रात रुग्णाचं नाव आहे, शस्त्रक्रिया पाहणाऱ्या इंग्रज डॉक्टरांची नावं आहेत. ती करणाऱ्याची फक्त जात आहे. 'सर्वांत आधी कोणी?' विचारलं की उत्तरात नाव लिहून ठेवलेलेच येतात. त्याऐवजी 'हे घडायला काय काय लागलं?' असं विचारा. मग भट्टीवरचा तो माणूसही दिसतो आणि पिशवीत बर्फ भरणारा शेजारीही.